गॅलरीची खोली होते तेव्हा

पुण्यात कोथरूड-सहकारनगर असो की मुंबईत मुलुंड-गोरेगाव, 1975 ते 1990 च्या दरम्यान बांधलेल्या सोसायटीकडे रस्त्याच्या पलीकडून पाहिलं की इमारतीचा मूळ चेहरा शोधावा लागतो. एके काळी सगळ्या गॅलऱ्या सारख्या होत्या. चार फूट रुंदी, तीन फुटी कठडा आणि डोक्यावर वरच्या मजल्याच्या गॅलरीची सावली. आता पहिल्या मजल्यावर पिंजऱ्यासारखं ग्रिल आणि त्यात तुळस, दुसऱ्यावर निळसर काचेची स्लायडिंग, तिसऱ्यावर थेट वीट चढवून मधे खिडकी आणि खाली लटकलेलं एसीचं यंत्र, चौथ्यावर पत्रा. एखादीच गॅलरी होती तशी उरलेली असते. तो फ्लॅट बहुधा कुलूपबंद असतो आणि मालक परदेशात.

‘गॅलरी आत घेतली’ असं लोक सहज सांगतात. कामही तीन-चार दिवसांत उरकणारं वाटतं. फॅब्रिकेटर येतो, माप घेतो, ट्रॅक ठोकतो, काचा सरकवतो आणि घर चाळीस-पन्नास चौरस फुटांनी वाढतं. या लेखाची हरकत काचेला नाही. मुलं कठड्यावर चढतात, कबुतरं घरटी करतात, रस्त्याची धूळ येते, पाऊस आडवा मारतो, ही सगळी कारणं खरी आहेत. हरकत आहे ती पुढच्या पायरीला, म्हणजे गॅलरी आणि खोली यांच्यामधली भिंत पाडून, फरशी एकसारखी करून, गॅलरीची खोलीच करून टाकण्याला. जुन्या घराची उघडी कड रिकामी पडून नसते, ती राबत असते. तिचं काम काढून घेतलं की ते घराच्या दुसऱ्या एखाद्या भागावर पडतं, आणि तो भाग त्या कामासाठी बांधलेलाच नसतो.

मिरगाआधी बांधायचं, दिवाळीआधी सोडायचं

कोकणातल्या जुन्या घराची पडवी बघितली की हे काम उघड दिसतं. घराच्या भिंती मातीच्या किंवा जांभ्याच्या असतात आणि दोन्ही पाणी पितात. म्हणून कौलारू छप्पर भिंतीपाशी न थांबता पुढे उतरत जातं आणि भिंतीच्या बाहेर पाच-सहा फुटांवर संपतं. त्या उतरत्या छपराखालची जागा म्हणजे पडवी. तिथे लाकूडफाटा असतो, भाताची पोती असतात, पाहुणा टेकतो, पण तिचं पहिलं काम पाऊस भिंतीपर्यंत पोहोचू न देणं हे असतं. इथेही पडवी बंद करायची पद्धत होतीच. मिरग लागण्याआधी वाऱ्याच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधली जायची आणि पाऊस सरला की सोडली जायची. उरलेली झापं बंबात जायची. चार महिने बंद आणि आठ महिने उघडी अशी ती रचना होती. हवा तेव्हाही झापांच्या फटींतून खेळायची, म्हणून आतलं धान्य आणि लाकूड बुरसत नसे.

विदर्भात ऋतू उलटा, पण रीत तीच. तिथे उन्हाळ्यात व्हरांड्याला वाळ्याच्या ताट्या लागायच्या आणि त्यांच्यावर पाणी मारलं जायचं. कोरडा गरम वारा ओल्या वाळ्यातून आत येताना गार व्हायचा. आजचा कूलर हे त्याच ताटीचं पत्र्याच्या खोक्यात बसवलेलं रूप आहे. नागपुरात व्हरांडा काचेने बंद करून कूलर त्या काचेच्या आत ठेवला की तो काही वेळातच निकामी होतो, याचं कारण यातच आहे. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि घरातली दमट हवा निघून जायला दुसरीकडे वाट लागते. बंद व्हरांड्यात तो तीच ओली हवा फिरवत बसतो. मग ‘कूलर जुना झाला’ म्हणून एसी येतो. कूलर जुना झालेला नसतो, त्याचा वारा बंद केलेला असतो.

मुंबईत उघड्या कडेचा हा विचार उंच इमारतीत नेऊन दाखवला तो वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी. कंबाला हिलवरची त्यांची कांचनजंगा ही इमारत 1983 मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, देखावाही तिकडेच असतो, आणि दुपारचं ऊन व पावसाचा माराही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी या पेचातून वाट काढली होती ती राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून. कोरियांनी त्याच व्हरांड्याच्या जागी इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा कोरल्या. अब्जाधीशांच्या वस्तीतल्या इमारतीचं उदाहरण सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला कशाला, असं कुणी म्हणेल. कारण तत्त्व तेच आहे. ऊन आणि पाऊस खोलीच्या भिंतीवर येण्याआधी बाहेरच थोपवायचे. चार फुटांची गॅलरी तेच काम छोट्या मापात करते.

चार फुटांचं गणित

इंग्लंड-अमेरिकेत घराला काचेची खोली जोडतात ती ऊन पकडण्यासाठी. लंडनमध्ये डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंशांवर असतो, तिथे मिळेल तेवढं ऊन घरात हवंच असतं. पुण्यात त्याच सुमाराला माध्यान्हीचा सूर्य सुमारे 48 अंशांवर असतो आणि मे महिन्यात तर तो थेट डोक्यावर येऊन शून्य सावलीचा दिवस होतो. आता दक्षिणेकडे चार फूट रुंद गॅलरी असलेली खोली घ्या. उन्हाळ्याच्या दुपारी वरच्या स्लॅबची सावली दाराखिडकीसकट सगळी भिंत झाकते. डिसेंबरात मात्र सावली वरच्या चार-साडेचार फुटांपर्यंतच येते आणि खाली ऊन दारातून आत शिरतं. थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात सावली, तेही विजेचा एक युनिट न जाळता. म्हणजे परदेशी लोक पैसे खर्चून जी खोली जोडतात तिचं काम आपल्या दक्षिणेच्या गॅलरीत आधीच चाललेलं असतं.

काच बसते ती गॅलरीच्या बाहेरच्या कडेला, कठड्यावर. ही कड वरच्या स्लॅबच्या कडेच्या बरोबर खाली येते. तिच्यावर पुढे आलेला छज्जा नसतो, कारण गॅलरी हाच छज्जा होता. म्हणजे घराची बाहेरची बाजू आपण सावलीतून उचलून उन्हात नेऊन ठेवतो. पश्चिमेला हे फार महाग पडतं. एप्रिलच्या दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ढोबळमानाने 600 वॉट ऊन पडतं आणि साधी काच त्यातलं चार-पंचमांश आत सोडते. दहा फूट लांब, पाच फूट उंच काच म्हणजे साधारण साडेचार चौरस मीटर. गुणाकार केला तर दोन किलोवॉटच्या वर उष्णता होते, म्हणजे दुपारभर दोन रॉडचा हीटर चालू ठेवल्यासारखंच. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, त्यातला निम्म्याहून जास्त दम या एका काचेपायी जातो. आतून पडदा लावून फारसा उपयोग नाही, कारण ऊन काचेच्या आत आलेलं असतं आणि पडदा तापून ती उष्णता खोलीतच सोडतो. अडवायचं तर काचेच्या बाहेरच, चिकाच्या पडद्याने किंवा झडपांनी.

एक मात्र मान्य करायला हवं. पश्चिमेची उघडी गॅलरीसुद्धा संध्याकाळचं तिरपं ऊन पुरतं अडवत नाही, सूर्य खाली उतरला की तो वरच्या स्लॅबखालून थेट आत येतो. पण उघड्या गॅलरीत तापलेली हवा निघून जाते. बंद गॅलरीत ती साठते, आणि मधली भिंत पाडलेली असेल तर तिथून झोपायच्या खोलीत येते. इंग्लंडमध्ये जमिनीलगतच्या 30 चौरस मीटरपर्यंतच्या काचेच्या खोलीला बांधकाम नियमांतून सूट मिळते, पण घर आणि ती खोली यांच्यामधली बाहेरच्या दर्जाची भिंत आणि दार शाबूत ठेवलं तरच. तिथे प्रश्न थंडीचा, इथे गरमीचा, पण निष्कर्ष तोच निघतो. काचेची जागा घरापासून दाराने तोडता आली पाहिजे. आपल्याकडे नेमकं ते दारच आधी निघतं.

स्लॅबच्या पोटात

उष्णतेचं बिल दरमहा येतं म्हणून निदान कळतं तरी. वजनाचं बिल बरेच दिवस येत नाही. गॅलरीचा स्लॅब एका बाजूनेच धरलेला असतो, दुसरी बाजू अधांतरी. खोलीच्या स्लॅबला दोन्हीकडे आधार असतो, त्यामुळे त्यातली मुख्य सळई खालच्या अंगाला असते. गॅलरीत उलटं. तिथे ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून सळई वर लागते. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली हीच वरची सळई दबून खाली जाते, हा बांधकामातला जुना, सर्वांना माहीत असलेला दोष आहे. दोन इंच खाली गेलेली सळई स्लॅबची बरीच ताकद घेऊन जाते आणि बाहेरून त्याचा मागमूस नसतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या गॅलरीत ती नेमकी कुठे आहे, हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

भारतीय मानकात गॅलरीसाठी दर चौरस मीटरला सुमारे 300 किलो भार धरलेला आहे, खोलीसाठी 200. याचा अर्थ गॅलरी खोलीपेक्षा दणकट असा काहीजण लावतात. पण तो भार माणसं गर्दीने उभी राहतील म्हणून धरलेला असतो, आणि बाहेरच्या कडेला टेकणाऱ्या माणसांसाठी दर मीटरला 150 किलोचा हिशेब असतो. आता कडेवर काय चढतं ते पाहा. पाच मिलिमीटर काचेची अॅल्युमिनियम स्लायडिंग कठड्यावर बसवली तर दर मीटरला तीस-पस्तीस किलो येतात. तेवढं धड अवस्थेतला स्लॅब सहन करतो. चार इंची विटेची भिंत दोन्हीकडून प्लास्टर करून छतापर्यंत नेली तर दर मीटरला सातशे किलोंच्या घरात जाते. मूळचा कठडा वजा केला तरी चारशेच्या वर उरतात, तेही स्लॅबच्या अगदी टोकाला, जिथे प्रत्येक किलोचा ताण सगळ्यात जास्त. त्यातच गॅलरीची फरशी इंच-दोन इंच खाली असते ती पाणी खोलीत येऊ नये म्हणून, आणि ती ‘लेव्हल’ करायला कोबा भरला जातो. दोन इंच कोबा म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलोंहून जास्त, कायमचे.

मधली भिंत पाडण्याचा धोका याहून वेगळा आहे. पुण्या-मुंबईतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींपैकी बऱ्याच भिंतींवर उभ्या आहेत, त्यांना काँक्रीटचा सांगाडा नाही. अशा इमारतीत गॅलरीचा स्लॅब भिंतीतून आत जातो आणि वरच्या भिंतीचं वजन त्याला दाबून धरतं. ती भिंत पाडली की दाब जातो. सांगाड्याच्या इमारतीत हा धोका कमी, तिथे भिंत नुसती भरलेली असते आणि वजन तुळई घेते. पण आपली इमारत कोणत्या जातीची हे ठरवायचं कुणी? गवंडी ठोकून पाहतो आणि ‘पार्टिशन वॉल आहे, काढून टाकू’ म्हणतो. त्या एका वाक्यावर किती भिंती गेल्या असतील, देव जाणे.

गंजाचं आणखी एक. सळई गंजते तेव्हा फुगते, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं आणि वरचं काँक्रीट फुटतं. गॅलरीच्या खालच्या अंगाला तांबूस ओघळ, फुगलेलं प्लास्टर, बोटाने पडणारे पापुद्रे ही त्याची चिन्हं. गॅलरी बंद करताना हीच चिन्हं झाकली जातात, कारण खोली म्हटल्यावर पीओपीचं छत हवं.

टेप, ट्रॅक आणि बुजलेली भोकं

फॅब्रिकेटरचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. चांगला फॅब्रिकेटर रुंदी एकदा मोजत नाही, खाली, मधे आणि वर अशी तीनदा मोजतो, कारण जुन्या इमारतीत कुठलीच बाजू ओळंब्यात नसते. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप धरून चौकट कापली जाते आणि राहिलेली फट सिलिकॉनने भरतात. जिथे फट अर्धा इंच असते तिथे सिलिकॉन टिकत नाही, दोन उन्हाळ्यांत सुटतं. मग पाऊस काचेतून नाही तर काचेच्या कडेने येतो आणि दोष ‘हलक्या सेक्शन’ला दिला जातो.

खालचा ट्रॅक पाहा. त्यात पावसाचं पाणी साचणारच, म्हणून त्याच्या बाहेरच्या ओठाला लांबट भोकं पाडलेली असतात. साचलेलं पाणी तिथून बाहेर पडावं अशी योजना. शेवटच्या दिवशी गवंडी चौकटीच्या बाहेरून सिमेंटचा गिलावा करतो, काम देखणं दिसावं म्हणून, आणि ही भोकं बुजतात. पहिल्या जोरदार सरीत ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या बाजूने फरशीवर उतरतं. गॅलरीला मुळात पाणी जाण्यासाठी कोपऱ्यात एक नळी होती, पण कोबा भरताना तीही गेलेली असते. भोकं मोकळी आहेत ना, हे पाहायला ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरतं. कामाचे पैसे चुकते करण्याआधी ते करावं.

हवेबाबत त्याहून मोठी चूक होते. जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची किंवा न्हाणीघराची खिडकी पुष्कळदा गॅलरीत उघडते. गॅलरी उघडी होती तोवर ती खिडकी बाहेरच उघडत होती. बंद झाल्यावर ती दुसऱ्या खोलीत उघडते. फोडणीचा धूर, न्हाणीघराची वाफ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गॅस गीझरचा वायू घरातच फिरतो. गॅस गीझर असलेल्या न्हाणीघराची खिडकी ज्या गॅलरीत उघडते ती बंद करू नये, आणि करायचीच तर आधी गीझर बदलावा. इथे मधला मार्ग नाही.

‘पण जागा कुठून आणायची?’

सगळ्या तपशिलाला एक सरळ उत्तर मिळतं. पाच माणसं, दोन खोल्या, दहावीचा मुलगा, आजारी आजी. त्यांना सूर्याचे अंश आणि सळईची जागा सांगून काय उपयोग? हा आक्षेप हलका नाही. मुंबईत गॅलरी ही चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी तिच्यात अंथरूण टाकलेलं नसतं. पण गरज झोपण्याची, अभ्यासाची, कपडे वाळवण्याची असते, भिंत पाडण्याची नसते. हलकी स्लायडिंग, वर हवेसाठी उघडता येणारी झडप, मूळचं दार जागेवर, फरशीचा उतार जसाच्या तसा, अशा गॅलरीत मुलगा अभ्यास करू शकतो, दिवाण मावतो, रात्री दार लावलं की खोली गार राहते आणि एप्रिलमध्ये काचा एका बाजूला सारून गॅलरी पुन्हा गॅलरी होते. भिंत पाडून मिळतं ते जास्तीचं क्षेत्र नव्हे, ‘मोठा हॉल’ दिसण्याचं समाधान. त्या समाधानाची किंमत मोजायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण गरज म्हणून ते खपवू नये.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. कबुतरांसाठी जाळी पुरते, काचेची गरज नसते. लहान मुलांसाठी ग्रिल हवंच, पण ते कुलूप लागणाऱ्या झडपेसह, आणि किल्ली घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी. आग लागली तर जिन्यातून धूर येतो आणि अग्निशमन दलाच्या शिडीला गॅलरी हीच जागा उरते. पूर्ण बंद पिंजऱ्यातून माणूस बाहेर काढायला आधी लोखंड कापावं लागतं.

तिसरा आक्षेप असा की सगळ्यांनी केलंय आणि महापालिका काही म्हणत नाही. नियमांकडे पाहिलं तर गंमत दिसते. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत मजल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतची गॅलरी एफएसआयमधून, म्हणजे प्लॉटवर मुभा असलेल्या बांधकामाच्या मोजणीतून, वगळलेली होती, आणि आयुक्तांच्या लेखी परवानगीने ती बंद करायलाही मुभा होती. अट अशी की दर्शनी भागाचा वरचा एक-तृतीयांश झडपा, काचेची तावदानं किंवा जाळी यांचा असावा आणि कठडा सोडून उरलेल्या भागात काचेची तावदानं असावीत. म्हणजे नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवा खेळणारी, हलकी, बिनविटेची बंद गॅलरी होती. बिल्डरांनी मात्र ही मोफत जागा पहिल्या दिवसापासून खोली म्हणून विकली. अखेर 2012 मध्ये मुंबईत गॅलऱ्या, फुलांचे कट्टे वगैरे एफएसआयमध्ये मोजले जाऊ लागले आणि त्याबदल्यात घरांसाठी 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा, एफएसआय मिळाला. उरलेल्या महाराष्ट्रात 2020 च्या एकत्रित नियमावलीने गॅलरी मोजणीत आणली. जुन्या इमारतींना मात्र जुनाच मंजूर नकाशा लागू आहे. महापालिका गप्प असते ती तक्रार येईपर्यंत. तक्रार बहुधा खालच्या मजल्यावरून येते, आणि ती गळतीची असते.

पावसाळ्यात गच्चीवर तात्पुरती शेड घालायला या नियमावल्यांत वेगळी परवानगी आहे, पावसाळ्यापुरती. झापांची ही सरकारी आवृत्तीच म्हणायची. फरक इतकाच की झापं सोडली जायची आणि मान्सून शेड दुसऱ्या पावसापर्यंत, मग तिसऱ्या पावसापर्यंत तशीच राहते.

शेवटी बहुतेक सोसायट्यांत एक वाक्य ऐकू येतं. ‘पाच वर्षांत रीडेव्हलपमेंटला जाणार आहे, कशाला काळजी?’ पाच वर्षांची दहा होतात, हे एक. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी व्हायचं असतं, हे दुसरं. ते परीक्षण करणारा अभियंता सर्वांत आधी गॅलऱ्यांखाली उभा राहून वर बघतो, आणि पीओपी असेल तर ते काढायला सांगतो. तिसरी गोष्ट रीडेव्हलपमेंटच्या बैठकीतच कळते. नव्या घराचा आकार ठरतो तो जुन्या घराच्या चटई क्षेत्रावर. ते मोजायला बिल्डरचा वास्तुविशारद सहसा मंजूर नकाशा पुढे ओढतो, आणि त्या नकाशात वीस वर्षं बेडरूम म्हणून वापरलेली जागा अजून गॅलरीच असते. प्रीमियम भरून परवानगीने बंद केलेल्या गॅलरीचा कागद कपाटात सापडला तर वाद घालता येतो. फॅब्रिकेटरच्या रोख पावतीवर तो घालता येत नाही.